मॉडेल ए फोर्डचं नवं हाय-कॉम्प्रेशन हेड सारखं गॅस्केट का उडवतं?

तक्रार दर वेळी तीच. जुन्या मॉडेल ए फोर्डला हाय-कॉम्प्रेशनचं, म्हणजे मिश्रण जास्त दाबणारं, नवं ॲल्युमिनियम हेड (सिलिंडरांवरचं झाकण) बसवलं, गाडी झकास पळायला लागली, तासगावपर्यंत गिअरला हात लावावा लागला नाही आणि महिना-दोन महिन्यांत रेडिएटरमध्ये बुडबुडे. हेड खोललं तर दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमधली गॅस्केटची (हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलची) पट्टी जळून काळी झालेली. नवं गॅस्केट टाकलं, पुन्हा तेच. मेकॅनिक म्हणतो गॅस्केट डुप्लिकेट, गॅस्केटवाला म्हणतो आवळणी चुकली, फौंड्रीवाला म्हणतो ब्लॉकच म्हातारा झालाय. मालक तिघांचं ऐकून घेतो आणि आणखी एक गॅस्केट मागवतो.

कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे. अशी हेडं आमच्याकडे फेसिंगला, म्हणजे तळ सपाट कापून घ्यायला, येतात, त्यामुळे त्यांचे तळ बघायला मिळतात. त्यावरून माझं मत पक्कं झालंय: गॅस्केट सारखं तिथेच जात असेल तर दोष बहुतेक वेळा ओतकामात आणि मशीनिंगच्या क्रमात असतो. गॅस्केट बदलत राहून तो जात नाही. तो शोधायचा कसा आणि पुढचं हेड कसं करून घ्यायचं, ते खाली सांगतो.

मुळात हे हेड बदलतात कशाला

मॉडेल ए १९२८ ते १९३१ या काळातली. बोअर ९८.४ मिमी, स्ट्रोक १०८ मिमी, चार सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला), एकूण सुमारे ३.३ लिटर आणि ताकद फक्त ४० हॉर्सपॉवर, तीही २२०० आरपीएमला. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, ४.२२. त्या काळचं पेट्रोल आजच्या मानाने फारच कमी ऑक्टेनचं होतं. यापेक्षा जास्त दाबलं असतं तर इंजिन ठोकायला, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून टकटक करायला, लागलं असतं. आज पंपावरचं साधं पेट्रोल किमान ९१ ऑक्टेनचं मिळतं, म्हणजे साडेपाच-सहाचा रेशो या पेट्रोलला काहीच नाही. त्याच इंजिनातून बरंच जास्त काम निघतं आणि बाहेरून गाडी तशीच्या तशी दिसते. यवतेश्वरच्या घाटात फरक लगेच कळतो.

हिशेब सोपा आहे. एका सिलिंडरचा स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन वर-खाली सरकतो ती जागा) सुमारे ८२१ सीसी. रेशो ४.२२ असेल तर वरची मोकळी जागा २५५ सीसी. साडेपाच हवा असेल तर १८२, सहा हवा असेल तर १६४. यात हेडमधला चेंबर आला, गॅस्केटच्या जाडीची जागा आली आणि ब्लॉकवरची, व्हॉल्व्हभोवतीची जागाही आली. नुसता हेडचा चेंबर मोजून रेशो सांगणारे बरेच भेटतात. त्यांचा साडेपाच खरा पाचसुद्धा नसतो.

मी साडेपाचच्या पुढे जायचा सल्ला देत नाही. मॉडेल एचा क्रँक तीन मेन बेअरिंगवर फिरतो, मूळ क्रँकला काउंटरवेट नाहीत आणि बेअरिंग ओतीव बॅबिटची (मऊ मिश्रधातूची) आहेत. हेड टिकलं आणि बेअरिंग बसली तर काय मिळवलं? सहाचं हेड हवंच असेल तर आधी खालचं काम करून घ्या.

गळती खरी आहे का ते आधी बघा

या गाडीच्या कूलिंगला प्रेशर कॅप नाही. रेडिएटर तोंडापर्यंत भरला की पाणी गरम होऊन फुगतं, ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली पडतं आणि आपल्या पातळीला येऊन थांबतं. पहिल्या दिवशी गाडीखाली थारोळं दिसलं म्हणून गॅस्केट गेलं असं समजू नका. एवढ्यासाठी हेड खोलून बसलेले लोक मी पाहिलेत.

खरी तपासणी थंड इंजिनावर करा. फॅन बेल्ट काढा, म्हणजे पंप पाणी घुसळणार नाही. पाणी हेडच्या वरपर्यंत दिसेल एवढं ठेवा, इंजिन चालू करा आणि मिनिटभर टॉर्च मारून रेडिएटरच्या तोंडात बघा. बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली तर तो गॅस आहे, कारण पाणी उकळायला अजून वेळच मिळालेला नसतो. मिनिटाच्या वर बेल्टशिवाय चालवू नका.

मग कॉम्प्रेशन घ्या. इथे आकडा किती येतो यापेक्षा चारी सिलिंडर एकमेकांशी कसे जुळतात ते महत्त्वाचं. दोन आणि तीन सारखेच पडलेले असतील आणि एक-चार ठीक असतील, तर त्या दोघांमधून वाट फुटली आहे. एकच सिलिंडर पडला असेल तर आधी व्हॉल्व्हकडे बघा. खात्री करायची तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि कान लावा. शेजारच्या प्लगच्या भोकातून सुसू आलं तर गॅस्केट, रेडिएटरमध्ये गुडगुड झाली तर गॅस्केट किंवा तडा, सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आलं तर इनटेक.

दोन-तीनच का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. या इंजिनात व्हॉल्व्हची ओळ एक्झॉस्ट, इनटेक, इनटेक, एक्झॉस्ट, मग पुन्हा एक्झॉस्ट, इनटेक, इनटेक, एक्झॉस्ट अशी आहे. म्हणजे दोन आणि तीन नंबरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मधोमध शेजारी-शेजारी. इंजिनाचा सर्वात तापणारा भाग तोच. हेडला वाकायचं असेल तर ते तिथेच वाकणार.

हेड सोडवण्याआधी नट मोजा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. हेड १४ स्टडवर बसतं आणि नेहमीचा टॉर्क ५५ फूट-पाउंड, म्हणजे साधारण साडेसात केजी-मीटर. नट सैल करायला पाना लावण्याआधी, इंजिन पूर्ण थंड असताना, टॉर्क पाना आवळायच्या दिशेने लावा आणि प्रत्येक नट किती पाउंडाला हलायला लागतो ते कागदावर हेडचं चित्र काढून त्या-त्या जागी लिहा.

चित्र बघितलं की बरंच उलगडतं. सगळेच नट पस्तीस-चाळीसवर आले असतील तर हेडचा माल मऊ आहे किंवा फेरआवळणी झालेलीच नाही. मधलेच पडले असतील तर हेड मधे उचललंय. एकच नट फुकट फिरत असेल तर ब्लॉकातला आटा सुटलाय आणि त्यात हेडचा दोष नाही.

मऊ मालाची आणखी एक खूण सांगतो. नट काढल्यावर वॉशरखाली बघा. वॉशरचा गोल खड्डा ॲल्युमिनियममध्ये नखाला लागेल इतका खोल रुतलेला असेल तर हेडला हीट ट्रीटमेंट झालेली नाही. अशा हेडसाठी आपल्याकडे सहसा एलएम२५ (ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा मिश्रधातू) वापरतात. नुसता ओतलेला एलएम२५ कडकपणाच्या ब्रिनेल मापात ५५ ते ६५ भरतो. पूर्ण हीट ट्रीटमेंट झालेला, म्हणजे टी६, ९० ते ११० पर्यंत जातो. मिरज-कुपवाडमध्ये हार्डनेस टेस्टिंगची सोय सहज मिळते. हेडच्या बाजूच्या एखाद्या कोपऱ्यावर ठसा घेऊन बघा. साठ आला तर पुढचं गॅस्केट मागवायची घाई करू नका.

तळ मोजताना

हेड साफ करून सर्फेस प्लेटवर ब्लू (टेकलेली जागा दाखवणारा निळा रंग) लावून घासा. प्लेट नसेल तर चांगली स्ट्रेट एज आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पोलादी पानं). लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत मोजा. पूर्ण लांबीत ०.१० मिमीपेक्षा जास्त पान जात असेल तर ते हेड बसवण्यालायक नाही.

मिरजेच्या एका ओळखीच्यांच्या फेटन (उघड्या टपाच्या) गाडीचं हेड आलं होतं. दोनदा फेस मारलेलं होतं, दोन्ही वेळा दुसऱ्या शॉपमध्ये. प्लेटवर ठेवलं तेव्हा दोन्ही टोकांना ब्लू नीट लागला आणि मधला हातभर पट्टा कोरा राहिला. दोन-तीनच्या मधे ०.१५ चं पान आरामात शिरत होतं. मशीनच्या रेषा मात्र ताज्या, एकसारख्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. म्हणजे मशीनवर तळ सरळच कापला गेला होता, हेड नंतर हललं होतं.

मालकांची परवानगी काढून ते हेड आम्ही बँडसॉवर आडवं कापलं. चेंबरच्या छताची जाडी एका बाजूला जेमतेम चार मिमी आणि दुसऱ्या बाजूला नऊ. पाण्याच्या जागेचा कोअर (ओतताना पोकळी राखणारा वाळूचा गाभा) मोल्डमध्ये सरकला होता. जाड बाजूच्या पोटात, प्लगच्या बॉसजवळ, राखाडी स्पंजासारखा भाग होता आणि त्यावर पाण्याचा पांढरा क्षार बसलेला. गॅस फक्त गॅस्केटमधून जात नव्हता, धातूच्या आतूनही थोडा-थोडा झिरपत होता.

फौंड्रीवाले अण्णा स्वतः बघायला आले. विचारलं, "अण्णा, ओतल्यावर भट्टीत घातलं होतं का?"

"कशाला? पंपाच्या बॉडीला कधी घालतो का आम्ही? ओतलं, झाडलं, दिलं."

"आणि कोअर कशावर टेकवलेला?"

"दोन्ही टोकांना टेकायला प्रिंट हाय की. आता एवढा लांब कोअर म्हंजे मधे जरा बसणारच, दादा."

अण्णांना दोष द्यायचा नाही. आपल्या भागातलं ओतकाम वाढलं ते लोखंडावर. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हापासून इकडे नांगर, पंप, डिझेल इंजिनांचे भाग ओतले गेले आणि हात त्याच कामावर बसले. ॲल्युमिनियमची तऱ्हा वेगळी. ते हलकं, त्यामुळे रायझरमध्ये (साच्यावर जादा धातू धरणाऱ्या खांबात) धातू उभा असूनही खाली तितका दाब पडत नाही. गोठताना आकसतं जास्त, म्हणून रायझर मोठे लागतात. शिवाय वितळलेलं असताना हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन पिऊन घेतं आणि गोठताना बारीक छिद्रांच्या रूपात तो बाहेर टाकतं. जुलै-ऑगस्टमध्ये ओतलेली हेडं जास्त झिरपतात ती यामुळेच.

नवं हेड ओतून घेताना काय सांगायचं

पॅटर्न. जुनं लोखंडी हेड पॅटर्न (साचा उमटवायचा नमुना) म्हणून वाळूत दाबून ओतायला देऊ नका. ॲल्युमिनियम सुमारे १.३ टक्के आकसतं. अर्ध्या मीटरच्या लांबीत साडेसहा मिमी गेले, म्हणजे टोकाची स्टडची भोकं ब्लॉकवर बसणारच नाहीत. मग कोणीतरी भोकं कानसीने लांबट करतं आणि हेड कुठेही सरकायला मोकळं होतं. पॅटर्नमेकरला ॲल्युमिनियमची श्रिंकेज पट्टी (आकसण्याइतकी मापं वाढवलेली पट्टी) वापरायला सांगा आणि तळाला किमान तीन मिमी मशीनिंगचा माल ठेवा.

कोअर. पाण्याच्या जागेचा कोअर लांब आणि सडपातळ असतो. नुसत्या दोन टोकांच्या प्रिंटवर तो तरंगतो, कारण वितळलेला धातू त्याला वर उचलतो. मूळ हेडला पाण्याची जी भोकं तळाला आहेत, तिथेच कोअरला मधले पाय द्या. कोअर सीओटू वायूने कडक केलेला असो वा दुसऱ्या कशाने, त्यातून गॅस बाहेर जायला वाट हवी, नाहीतर ब्लो होल (गॅसची पोकळी) नेमका चेंबरच्या छतात येतो.

धातू. भंगारातल्या पिस्टन-हेडांचा मिश्र माल घेऊ नका, एलएम२५ चे इनगॉट टेस्ट सर्टिफिकेटसह घ्या. डीगॅसिंग, म्हणजे वितळलेल्या धातूतला हायड्रोजन काढणं, करायलाच हवं. ओतायचं तापमान साधारण ७०० ते ७४० अंशांच्या मधे. त्याच्या वर नेलं तर धातू छान पळतो, पण हायड्रोजनही जास्त पितो.

आणि कोणत्याही नव्या पॅटर्नचं पहिलं हेड कापा. मालकांना हे पटवणं अवघड जातं, मला माहीत आहे. चांगलं दिसणारं हेड करवतीखाली घालायचं म्हणजे जिवावर येतं. पण छताची जाडी सगळीकडे सारखी आहे का, हे बाहेरून कळायला दुसरा स्वस्त मार्ग नाही. दोन आडवे काप, एक दोन-तीनच्या मधे आणि एक चार नंबरच्या प्लगमधून. जाडीत दीड-दोन मिमीपेक्षा जास्त फरक आला तर कोअरबॉक्स दुरुस्त करून मगच पुढची ओता.

एक सांगायचं राहिलं. हेडवर मूळ कंपनीचं किंवा त्या काळच्या एखाद्या नामांकित हेड बनवणाऱ्याचं नाव ओतून द्या, असा आग्रह बरेच जण धरतात. आम्ही नकार देतो. आपण ओतलेल्या हेडवर आपली खूण आणि ओतल्याची तारीख असावी. दहा वर्षांनी कोणी ते खोललं तर त्याला कळेल की कुणाला शिव्या द्यायच्या.

मशीनिंगचा क्रम, आणि सगळा घोळ इथेच

नेहमी होतं असं: ओतलं, झाडलं, थेट मिलिंगवर चढवून फायनल फेस मारला, भोकं पाडली, बसवलं. ओतताना जाड-पातळ भाग वेगवेगळ्या वेळी थंड होतात आणि धातूत ताण अडकतो. वरची कातडी कापली की तो तोल बिघडतो, आणि इंजिन दहा-वीस वेळा तापून निवलं की हेड हळूहळू आपल्या मर्जीने बसतं. गॅस्केट महिन्याने जातं, पहिल्या दिवशी जात नाही, ते याच कारणाने.

आम्ही धरतो तो क्रम असा. आधी रफ फेसिंग, तळाला एक मिमी शिल्लक ठेवून. मोठी भोकंही थोडी लहान ठेवून पाडायची. मग टी६: साधारण ५२५ ते ५४५ अंशांत काही तास, मग पाण्यात बुडवून झटकन निववणं (क्वेंच), मग १५५ ते १७५ अंशांत आठ-बारा तास. क्वेंचचं पाणी गार नको, सत्तर-ऐंशी अंश गरम हवं, नाहीतर ताण काढायला गेलो आणि नवा भरून आणला असं होतं. भट्टीत हेड सपाट टेकवून ठेवायचं. त्या तापमानाला ॲल्युमिनियम स्वतःच्या वजनानेही झोळ खातं. त्यानंतर प्रेशर टेस्ट, आणि सगळ्यात शेवटी फायनल फेस.

प्रेशर टेस्टला तळावर रबर आणि जाड पत्रा लावून सगळी तोंडं बंद करायची, दोन बारपर्यंत हवा भरायची आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवायचं. गार पाण्यात न गळणारी छिद्रं गरम पाण्यात गळतात. इकडे-तिकडे एखादा बुडबुडा असेल तर इम्प्रेग्नेशनने (छिद्रांत राळ भरून) भागतं. चेंबरच्या छतातून आला तर ते हेड भंगारात घाला. वेल्डिंग करून वाचवायच्या फंदात पडू नका, टी६ ची सगळी मेहनत त्या जागेपुरती वाया जाते.

फायनल फेसला हेड टेबलावर आवळतानाची एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. वरची बाजू ओबडधोबड असते. चार क्लॅम्प कचकचून आवळले की हेड टेबलाला चिकटण्यासाठी वाकतं, त्या अवस्थेत तळ सरळ कापला जातो आणि क्लॅम्प सुटले की तळ उलटा वाकतो. आवळण्याआधी हेडखाली जिथे फट आहे तिथे शिम सरकवून ते डुगडुगायचं थांबवा, क्लॅम्प बेताने आवळा आणि शेवटचा कट घेण्याआधी एकदा सगळे क्लॅम्प सैल करून पुन्हा हलके लावा. हेडला लावलेल्या डायल गेजचा काटा क्लॅम्प सैल करताना हलला तर उत्तर तिथेच मिळालं.

फेसिंगमध्ये रेशोही बदलतो हे ध्यानात असू द्या. चेंबरच्या तोंडाचं क्षेत्रफळ समजा १२० चौरस सेमी असेल, तर अर्धा मिमी कापल्यावर सहा सीसी गेले आणि साडेपाचचा रेशो साधारण ५.६५ झाला. वारंवार फेस मारलेल्या हेडचा रेशो काय असतो, ते पाटी लावून ठेवलेल्या आकड्यावरून सांगता येत नाही. ॲक्रिलिकची चकती ग्रीसने चिकटवून, ब्युरेटने रंगीत रॉकेल सोडून चारी चेंबर मोजा आणि सगळ्यात लहान चेंबर बाकीच्यांच्या बरोबरीला आणा.

या इंजिनाची एक खास गोष्ट आहे: डिस्ट्रिब्युटर हेडवर बसतो आणि त्याचा शाफ्ट हेडमधून खाली कॅमकडे जातो. हेडमधलं ते भोक ब्लॉकमधल्या ड्राइव्हच्या रेषेत नसेल तर शाफ्ट घासतो, पॉइंटचं अंतर फिरतं आणि मिसिंग सुरू होतं. लोक तेही गॅस्केटच्या नावावर टाकतात. म्हणून फायनल बोअरिंग हेड ब्लॉकवर किंवा नेमक्या जिगवर लोकेट करूनच करा.

बसवताना

ब्लॉकचा डेकही (हेड बसतं तो वरचा पृष्ठभाग) तपासा. शंभर वर्षांच्या जवळ आलेल्या ब्लॉकवर स्टडच्या भोकांभोवतीचा माल वर ओढला गेलेला असतो. ती उंच कड गॅस्केट उचलून धरते. भोकांना चॅम्फर (कडेला उतार) द्या. व्हॉल्व्ह सीट आणि बोअर यांच्यामधे तडा आहे का तेही बघा. सांगली-पलूस पट्ट्यात २०१९ च्या पुरात पाण्याखाली गेलेल्या गाड्यांत तर हे आधी बघा. वॉटर जॅकेटमध्ये गाळाची वीटच झालेली असते, मग हेड कितीही चांगलं असलं तरी मधला भाग तापणारच.

पिस्टन आणि व्हॉल्व्हची जागा मातीने मोजा. मुलांची खेळायची मऊ माती पिस्टनवर आणि व्हॉल्व्हवर ठेवायची, गॅस्केटसकट हेड आवळायचं, इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं आणि माती कापून जाडी बघायची. पिस्टनवर दीड मिमीपेक्षा कमी मला चालत नाही. व्हॉल्व्हच्या वर मात्र हात सैल ठेवा. साइड व्हॉल्व्ह इंजिनात हवा तिथूनच वळून सिलिंडरमध्ये जाते. चेंबर लहान करायच्या नादात ती वाट चिमटली तर रेशो वाढूनही गाडी आळशी होते. हॅरी रिकार्डोने पहिल्या महायुद्धानंतर साइड व्हॉल्व्हसाठी जो चेंबर आखला त्यात हीच युक्ती होती: पिस्टनवरचं छत खाली आणून मिश्रण व्हॉल्व्हकडे फेकायचं, पण व्हॉल्व्हवरची जागा मोकळी ठेवायची.

स्टडची भोकं थोडी मोकळी हवीत. ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण दुप्पट पसरतं. अर्ध्या मीटरचं हेड ऐंशी अंशांनी तापलं की ब्लॉकपेक्षा जवळपास ०.४ मिमी जास्त लांबतं आणि तेवढं ते गॅस्केटवरून सरकतं. ७/१६ इंची स्टड, म्हणजे ११.१ मिमी, त्याला १२ चं भोक ठीक. वॉशर जाड, कडक पोलादाचे. पातळ बाजारू वॉशर वाटीसारखे वाकतात.

आवळणी मधून बाहेरच्या बाजूला, तीन-चार टप्प्यांत. मग इंजिन तापवा, पूर्ण थंड होऊ द्या, रात्रभर राहू द्या, आणि थंडच आवळा. लोखंडी हेडला गरम आवळायची सवय असलेले मेकॅनिक इथे चुकतात. गरम ॲल्युमिनियम हेडने स्टड आधीच ताणलेले असतात, त्यामुळे पाना खोटा टॉर्क दाखवतो. तापवा-निववा-आवळा हे नट हलायचे थांबेपर्यंत करायचं, आणि मग पाच-सातशे किलोमीटरनंतर एकदा.

चालवताना

गळतीचं कारण हेडात नसून ठोकण्यात असू शकतं. स्टिअरिंगच्या डावीकडचा स्पार्कचा लिव्हर वर असताना ठिणगी उशिरा, खाली ओढला की आधी. जुन्या हेडला लिव्हर पूर्ण खाली ठेवून चालवायची सवय असते. नव्या हेडला तितका ॲडव्हान्स लागत नाही. चढावर टकटक ऐकू आली की लिव्हर थोडा वर न्या. ऐकू येऊनही तसंच रेटलं तर गॅस्केटची मधली पट्टी पहिल्यांदा जाते. टायमिंग लिव्हर पूर्ण वर ठेवून, पिनने एक नंबरचा टॉप शोधून लावायचं, ते हेड बदललं म्हणून बदलत नाही.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने ठोकणं वाढत नाही, उलट कमीच होतं. पण मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं. झेनिथ कार्ब्युरेटरची मिक्स्चरची सुई थोडी उघडून बघा.

पाणी हा मात्र आपल्याकडचा मोठा शत्रू. कृष्णाकाठच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, काही गावांत तर जमिनीच खारवट झाल्यात. ते पाणी, पितळी रेडिएटर, लोखंडी ब्लॉक आणि ॲल्युमिनियम हेड एकत्र आले की हेड पाण्याच्या भोकांपासून खायला लागतं आणि गॅस्केटची पकड तिथून सुटते. कापूर-पांढरी भुकटी दिसली तर हेच. डिस्टिल्ड वॉटर आणि ॲल्युमिनियमला चालणारा कूलंट, वर्षाला बदलून. तांब्याच्या गॅस्केटपेक्षा ग्रॅफाइटचं गॅस्केट अशा हेडला जास्त मानवतं.

हेच सगळं ऑस्टिन सेव्हन किंवा मॉरिस एटच्या हेडला लागू आहे, फक्त तिथे मापं आणखी घट्ट धरावी लागतात. ऑस्टिनचं इंजिन ७४७ सीसीचं, एका सिलिंडरला सुमारे १८७ सीसी. रेशो सहा धरला तर वरची जागा जेमतेम ३७ सीसी उरते. तिथे दोन सीसी कमी झाले की रेशो सहाचा जवळपास ६.३ होतो. मॉडेल एमध्ये तेवढ्याच दोन सीसींनी पाच-सहा शतांशांचाच फरक पडतो. त्यामुळे ऑस्टिनच्या हेडला फेस मारायची वेळ आली, तर मशीन चालू करायच्या आधी ब्युरेट बाहेर काढा.